चाळीस कंडक्टर

नगरला दिल्ली गेटाजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. चौदा मशिनी आहेत असं मी सांगायचो. होत्या नऊ, त्यातल्या दोन मशिनींचं एकेक अक्षर पडलेलं, आणि तरी निम्म्या जिल्ह्याच्या कचेऱ्या माझ्या पोरांच्या बोटांवर चालतात असं मी छातीठोकपणे ऐकवायचो. नव्वदचं दशक निम्मं सरलं आणि पोरं कॉम्प्युटरच्या क्लासकडे पळाली. माझ्याकडे दोनच जातींची उरली. एक, ज्यांना तिथली फी परवडत नव्हती. दुसरी, ज्यांना माझ्या गप्पा आवडायच्या. दुसरी फी देत नसत.

अशात पुण्याच्या एका कंपनीची एजन्सी मला मिळाली. कंपनी पोस्टाने इंग्रजी बोलायला शिकवायची. बारा पुस्तिका आणि सहा कॅसेटी. एजंटाने नुसती गुलाबी कार्डं वाटायची. कार्डावर नाव-पत्ता लिहायचा, तिकीट न लावता पेटीत टाकायचं. कोपऱ्यात एजंटाच्या नंबराचा शिक्का. त्या माणसाने कोर्स घेतला की शिक्क्यावरून कंपनीला कळायचं, गिऱ्हाईक कोणी आणलं, आणि त्याला कमिशन. महिन्याच्या शेवटी जी कार्डं फळली ती पुरावा म्हणून एजंटाकडे परत यायची. आता हाच धंदा कॉम्प्युटरवर चालतो म्हणतात, घरात बसून, आणि कोणी कुठून टिचकी मारली तेही दिसतं. आम्ही तो शाईने आणि चपला झिजवून करायचो.

माझी कार्डं सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, दोन दवाखान्यांत आणि एका फोटो स्टुडिओत ठेवलेली असत. परत आलेल्या कार्डांवर माझा शिक्का दिसे, पण ते सलूनचं की गिरणीचं ते कळत नसे. मी वेगवेगळ्या शाया वापरून पाहिल्या, कोपरे दुमडून पाहिले. पुण्यापर्यंत जाऊन येईतो सगळे कोपरे सारखेच दुमडलेले असत.

तोड काढली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. हा माझ्याकडे दोन वर्षं टायपिंग शिकला होता आणि एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर लागला होता, रोजंदार. बहुतेक पारनेरच्या गाडीवर असायचा. घरात पगाराची नोकरी लागलेला हा पहिला. आई कांद्याच्या वखारीत निवडायला जायची. मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारच्या खिळ्याला इस्त्रीची खाकी, आणि तिला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी, त्यामुळे नोकरी म्हणजे पंचांगासारखी दरवर्षी येणारी वस्तू असं मला वाटायचं. ही खाकी पाहिल्यावर मी घटकाभर गप्प बसलो होतो, आणि ही अतिशयोक्ती नाही.

मी कार्डांच्या ढिगासमोर डोकं धरून बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमी उगा डोकं शिणवताय. माझ्याकडं चिमटा हाय की."

तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. त्याने खिशातून काढून एका कार्डाला भोक पाडलं. पेरूच्या बीएवढं, आणि एका बाजूने किंचित दातरलेलं.

"ह्यो दात बगा. दुसऱ्या कुनाच्या चिमट्याला न्हाई. मी गाडीत वाटतो, भोक पाडून. परत आलं की वळखायचं, ह्ये पारनेरच्या गाडीचं."

"आणि तुला किती द्यायचे?"

"पैसं नको सर. मला कॅसेटी द्या. इंग्रजी आलं तर उद्या कंट्रोलरच्या परीक्षेला बसंन म्हनतो."

मी त्याला संपूर्ण कोर्स दिला. माझ्यासाठी आलेला नमुन्याचा संच होता, मला तो फुकट पडला होता. तरी त्याला देताना मी चेहरा असा केला की जणू शेत विकून आणलाय.

बसमधला माणूस रिकामा असतो. सुप्याच्या फाट्यापर्यंत त्याला वाचायला काही नसतं. वर्षाच्या आत दातऱ्या भोकाची त्र्याहत्तर कार्डं फळून परत आली. सलून, गिरणी, दवाखाने आणि स्टुडिओ मिळून अकरा. कंपनीचं पत्र आलं की पुण्याच्या एजंट मेळाव्यात आपला सत्कार आहे आणि दोन शब्द बोलावेत. दोन शब्द. हे पत्र ज्याने लिहिलं तो मला ओळखत नव्हता.

मेळावा स्टेशनजवळच्या हॉटेलात होता. मेव्हण्याचा कोट घालून गेलो, तो दंडात इतका घट्ट होता की नमस्कार केला तर शिवण उसवायची. सकाळी एका साहेबांनी फळ्यावर जाळं काढून दाखवलं. मध्ये तुम्ही, भोवती तुमची माणसं, त्यांच्या भोवती त्यांची माणसं. मग जेवण, मग सत्कार. माझ्याआधी तिघे बोलले. तिघेही माझ्याच वाणाचे होते, हे मला पहिल्या वाक्याला कळलं. खोटं बोलणाऱ्याला खोटं बोलणारा लांबून ओळखू येतो, पण आम्ही एकमेकांसाठी टाळ्या वाजवायला कधी कमी करत नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्याकडे एक कंडक्टर होता. स्टेजला पायऱ्या चार होत्या. पहिल्या पायरीवर तो एकटाच होता. दुसरीवर त्याचे डेपोतले मित्र आले. तिसरीवर मला वाटलं, नाही तरी एवढ्या गाड्या आहेत जिल्ह्यात. माईकपाशी पोचलो तेव्हा चाळीस झाले होते.

"रोज सकाळी सहा वाजता," मी म्हणालो, "नगर जिल्ह्यातून चाळीस गाड्या सुटतात, आणि चाळीसही गाड्यांत माझा माणूस खाकी घालून उभा असतो. सरकार त्याला तिकिटाचा पगार देतं, पण भोक तो माझ्यासाठी पाडतो."

हॉल कोसळेल इतक्या टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून ब्रीफकेस मिळाली, फुलांचा गुच्छ मिळाला. साहेबांनी मला मिठी मारली आणि कोटाची शिवण तिथे गेली.

दुसऱ्या दिवशी पारनेरच्या गाडीत जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"चाळीस? मग मी कितवा?"

"तू पहिला."

"तेवढं बरं झालं."

त्याला वाटलं, सर नेहमीसारखे बोललेत, पुण्यातल्या पुण्यात राहील. मलाही तसंच वाटलं.

पण कंपनीची चार पानी पत्रिका निघायची आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याला पुढच्या पुस्तिकेबरोबर पोस्टाने जायची. तिच्या पहिल्या पानावर माझा फोटो आला, तोंड उघडं. वर मथळा, 'चाळीस कंडक्टरांचं जाळं विणणारे नगरचे एजंट'. खाली माझं वाक्य जसंच्या तसं, भोकासकट. आणि ही पत्रिका ज्यांच्या ज्यांच्या घरी गेली त्यांत त्याच्या डेपोचे निरीक्षकसाहेब होते. डेपोचं नाव मी घेत नाही, माणूस वाईट नव्हता. त्यांनाही बढतीसाठी इंग्रजी सुधारायचं होतं, आणि त्यांना कार्ड ह्यानेच दिलं होतं, मोठ्या अदबीने.

तो क्लासवर आला तेव्हा दुपार होती. मशिनींवर कोणी नव्हतं. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"साहेबांनी बोलावलं हुतं."

"काय म्हणाले?"

"म्हनले, बाकीचे एकोनचाळीस कोन?"

मला हसू आलं. त्याला आलं नाही. मग त्याने सांगितलं ते असं. ड्यूटीवर खाजगी धंदा केल्याबद्दल त्याला मेमो मिळाला होता. एकट्याचं, चार कार्डांचं प्रकरण असतं तर लेखी ताकीद देऊन मिटलं असतं, असं डेपोतला जुना कॅशियर म्हणत होता. पण छापील कागदावर चाळीस लिहिले होते. चाळीस म्हणजे टोळी. टोळीचा अहवाल वर पाठवावा लागतो. आणि दिवाळीच्या आत रोजंदारांना कायम करायची यादी लागणार होती. चार वर्षांच्या हजेरीवर त्याचं नाव त्या यादीत होतं.

"साहेब म्हनले, नावं सांग, तुला सोडतो. मी म्हनलं, न्हाईतच तर कुठून सांगू. तर म्हनले, कुनाला पाठीशी घालतोस?"

"मी येतो," मी म्हणालो. "मी सांगतो त्यांना."

"या सर. पन नीट बोला."

चौकशीला आठ दिवस होते. तेवढ्यात डेपोत वेगळंच सुरू झालं. एकोणचाळीस जण अस्तित्वात नव्हते, पण तिथले सगळे कंडक्टर होते, आणि जो तो घाबरला की सुटकेसाठी हा आपलं नाव घेईल. कोणी त्याच्याबरोबर चहाला जाईना. रेस्ट रूममध्ये हा आला की बोलणं थांबायचं. एकाने त्याच्या डब्याशेजारचा डबा उचलला आणि लांब जाऊन जेवला. "वळख न्हाई दाखवत आता," तो म्हणाला, "जसं काय मीच पाकिटमार हाय."

मी तयारी अशी केली, की जणू उच्च न्यायालयात उभं राहायचंय. कंपनीला फोन केला, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा म्हटलं. तिथले साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतः माईकवर बोललात. उद्या एकेक एजंट दुरुस्ती मागायला लागला तर पत्रिकेत उरेल काय?" मग मी कार्डं काढली. माझ्या मते तो बिनतोड पुरावा होता. चाळीस कंडक्टर असते तर चाळीस चिमट्यांची भोकं असती. इथे सगळ्या कार्डांना एकच भोक, एकाच बाजूला दातरलेलं. त्र्याहत्तर कार्डं दोऱ्यात ओवून मी डेपोत गेलो.

निरीक्षकसाहेबांच्या टेबलावर ती पत्रिका होती. माझ्या तोंडापेक्षा फोटोतलं तोंड मोठं दिसत होतं. तो भिंतीशी उभा होता, इस्त्रीच्या खाकीत.

मी सांगितलं, चाळीस नव्हते, एकच होता.

"मग हे खोटं बोललात?"

"हो."

"आणि आत्ता खरं बोलताय."

"हो."

"हे मी कशावरून समजायचं?"

मी कार्डांची माळ टेबलावर ठेवली. एक कार्ड भिंगासारखं डोळ्याजवळ धरून दात दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला. मग त्याच्याकडून चिमटा मागून घेतला, कोऱ्या कागदावर दाबला आणि ताडून पाहिलं.

"जुळतंय," ते म्हणाले.

मला वाटलं, जिंकलो. ते कार्डं मोजायला लागले. मध्येच थांबले. एका कार्डावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी ते हलकेच दोऱ्यातून सोडवलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मोजणी पुढे नेली.

"बहात्तर," त्यांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं. "ड्यूटीवर असताना, डेपोचा चिमटा वापरून, बहात्तर वेळा. लिहा. पुरावा एजंटाने स्वतः आणून दिला."

"आणि बाकीचे एकोणचाळीस, साहेब?" कारकुनाने विचारलं.

"त्यांची कार्डं हे घरी ठेवून आले असतील."

आयुष्यात पहिल्यांदा मी नेमका आकडा घेऊन कुठे गेलो होतो. कुठलं कार्ड कुठून आलं ते मला कळावं म्हणून जी खूण आम्ही शोधली, तिने बहात्तरदा त्याच्याकडे बोट दाखवलं. मी बोलत राहिलो. तो चांगला मुलगा आहे, एक पैसा घेतलेला नाही, घरची परिस्थिती अशी आहे. ते ऐकत राहिले. शेवटी नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही फार छान बोलता. पण आता तुमचं काय धरायचं आणि काय सोडायचं?"

बाहेर आल्यावर त्याने मला एवढंच विचारलं, "ती कार्डं आनायची गरज हुती का?"

दिवाळीच्या आधी यादी लागली. तिच्यात तो नव्हता. पुढच्या महिन्यात रोजंदारीही बंद झाली. चिमटा, तिकिटांचा ट्रे, बिल्ला जमा केल्याची पावती त्याने मला दाखवली, का ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, वकील करू, मी खर्च करतो. तो म्हणाला, बघू. त्या 'बघू'चा अर्थ मला समजला, मी पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

एजन्सी मी सोडली नाही. पुढच्या मेळाव्यालाही गेलो. तिथे लोक मला 'चाळीसवाले' म्हणून ओळखायला लागले होते, आणि मी ते नाकारलं नाही. हे लिहायला मला वीस-पंचवीस वर्षं लागली. ह्यात मात्र वाढवून काही सांगितलेलं नाही.

त्याला एमआयडीसीत एका कारखान्यात काम लागलं, कंत्राटदाराकडे, नट-बोल्ट मोजून पिशव्या भरायचं. वर्षभराने एकदा सकाळी माझ्या क्लाससमोर सायकलवरून उतरला. शिफ्टला चालला होता. मी चहा मागवला. तब्येतीची, आईची चौकशी झाली. चहा संपल्यावर कप खाली ठेवून त्याने विचारलं.

"सर, एक इचारू? राग न्हाई, नुसतं इचारतो. चाळीसच का? चार म्हनला असता तर टाळ्या पडल्या नसत्या का?"

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती, तिन्ही एकापेक्षा एक सरस. मी ती गिळली.

"माझ्या आधी बोललेला एजंट मिरजेचा होता," मी म्हणालो. "त्याने सांगितलं, माझ्याकडे पस्तीस दूधवाले आहेत."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला, एखादा हिशोब शेवटी जुळावा तशी.

"आन् त्याच्याकडं किती असतील?"

"एखादा असेल."

"त्येचं काय झालं असंल?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्याने सायकल स्टँडवरून काढली, भोंगा व्हायला अर्धाच तास आहे म्हणाला, आणि गेला.