बाळाचा ठोका आणि तापलेली चिप

सोल्डरचा धूर नाकात गेला की मला अग्रहारातलं, देवळाजवळच्या ब्राह्मण आळीतलं, आमचं घर आठवतं. वहिनीला सातवा महिना होता. बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र मी बनवलं होतं, पण ठोका सापडायच्या आतच बॅटरी संपायची.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अप्पांनी, माझ्या वडिलांनी, चिपला बोट लावलं. "तापलीय की गं. आत ॲम्प्लिफायर दोन, तू वापरतेस एक. दुसरा उगाच का राबतोय?"

त्या दुसऱ्याचे इनपुटचे पाय मी कशालाच न जोडता मोकळे सोडले होते. तो नुसता थरथरत वीज खात होता. ते नीट जोडल्यावर चिप गार झाली, बॅटरी टिकली आणि खोलीभर घोडा दौडल्यासारखा आवाज घुमला.

"अय्यो, केवढी घाई याला," वहिनी हसली.

अप्पा तेव्हा डोळे पुसत होते, हे तिनं मला परवा सांगितलं. मी तेव्हा मीटरवर कमी झालेला करंट बघत होते.