न गळणारी गाडी

आमचे काका नळ दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं तेच काम केलं, म्हणून सगळे त्यांना मागे वॉशर म्हणत, आणि तोंडावर वॉशरसाहेब. त्यांच्या हातचा नळ पुन्हा ठिबकला, अशी तक्रार कधी आली नाही. हे झालं लोकांचं कौतुक. मला मात्र त्यांचा राग यायचा, अजून येतो. आपलंच खरं करायची त्यांना भारी खोड, आणि काकू ती निमूट सोसायची.

काकूच्या मणक्याची दोन ऑपरेशनं झालेली. तासाभरापेक्षा जास्त बसवत नसे, त्यामुळे रेल्वे, बस सगळं बंद. तिची थोरली बहीण तीन दिवसांच्या वाटेवर राहायची आणि अंथरुणाला खिळलेली होती. दोघींनी अकरा वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणून काकांनी जुनी मोटरहोम घेतली. आत पलंग, शेगडी, छोटी मोरी. काकू आडवी पडून थेट बहिणीच्या दारात उतरली असती.

पण गाडी वीस वर्षांची, छताच्या कडांतून पाणी आत यायचं. "आधी गळती बंद, मग प्रवास," काका म्हणाले आणि हात धुऊन तिच्या मागे लागले. शिडी लावून वर चढायचं, झरोक्यांभोवतीचं फटी बुजवणारं जुनं सीलंट खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, दोन्ही बाजूंना टेप लावून मधे नवीन सीलंट भरायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून फिरवायचं. काम चोख होतं, ते मी नाकारत नाही.

एकदा गाडी धुताना खिडक्यांच्या चौकटींखालच्या बारीक भोकांतून पाणी ठिबकताना दिसलं. ठिबकणारं पाणी दिसल्यावर नळवाल्याचे हात शिवशिवणारच. काकांनी सीलंटची नळी उचलली.

"अहो, सगळ्या खिडक्यांना सारखीच भोकं आहेत. बनवणाऱ्यानेच ठेवली असतील," काकू म्हणाली.

"मग चाळीस वर्षं मी काय माशा मारत होतो?"

भोकं बुजली. त्यानंतर एक थेंब पडला नाही. तरी "अजून एक पाऊस बघू" म्हणत काकांनी दोन वर्षं काढली. बहिणीचा फोन आला की काकू म्हणायची, "आलेच गं ताई."

शेवटी निघायचा दिवस ठरला. आठवडाभर आधी ब्रेक तपासायला मी आणि काका गाडी मेकॅनिककडे घेऊन गेलो. बोलता बोलता त्याने खिडकीखाली हात टेकला आणि भिंत आत दबली. त्याने वरची पट्टी काढली. आतलं लाकूड काळं पडलेलं, चिमटीत भुगा होत होतं.

"खिडकीतून थोडं पाणी शिरतंच. ते बाहेर पडावं म्हणून खाली भोकं ठेवतात," तो म्हणाला. "ती कुणी बुजवली?"

काकांनी दुसऱ्या खिडकीखाली दाबून पाहिलं, मग तिसऱ्या; सगळीकडे भिंत आत गेली.

"सगळ्या भिंती गेल्यात," मेकॅनिक म्हणाला. " लांबच्या रस्त्याला काढू नका, छत खाली येईल. दुरुस्तीला सहा-आठ महिने तरी लागतील."

काकूच्या ताईकडे तेवढे महिने नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. घरी आल्यावर काकांनी काकूला दोन वाक्यांत सांगितलं आणि चाकू घेऊन अंगणात गेले. एकेका भोकातलं सीलंट कोरून काढू लागले. तपकिरी पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि तसं मी त्यांना म्हणालोही.

आत काकूने पडल्या पडल्या फोन लावला. दार उघडं होतं, शब्द न् शब्द बाहेर ऐकू येत होता.

"ताई, गाडी अगदी तयार आहे गं. माझीच पाठ पुन्हा धरलीय. नाही नाही, ह्यांना कशाला बोल लावतेस? हे तर निघायचंच म्हणत होते." मग बराच वेळ ती नुसतं "हं, हं" करत राहिली. शेवटी म्हणाली, "नको गं, माझी वाट बघू नकोस."

काकांचा हात थांबला. त्यांनी आत जायला हवं होतं, तो फोन स्वतःच्या हातात घ्यायला हवा होता. ते पुढच्या खिडकीकडे वळले.