कॅसेटच्या खाचेतला कापूस

बायकोला हे ठाऊक नाही. प्रल्हादला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या बोरी अरबच्या स्टँडवर आपली गाठ पडणार नाही — एवढंच कारण. धीर आला म्हणून सांगतोय असं समजू नका. धीर असता तर तुमच्यापर्यंत यायची वेळच आली नसती.

आधी माझं वेड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वायरमन होतो, राहायला गावीच, आणि मला नाद होता एका परदेशी रॉक गिटारवाल्याचा. नाव सांगत नाही. गावात त्या नावाचा तसाही कोणाला उपयोग नव्हता, घरचे त्याला ‘तुझा तो म्हातारा’ म्हणत, आणि तेव्हाच त्याचे केस पांढरे झाले होते. बाजारात मिळणाऱ्या त्याच्या कॅसेटींनी माझं भागत नसे. मला हवे असायचे त्याचे लोकांसमोर झालेले कार्यक्रम. तेच गाणं तो प्रत्येक गावात वेगळं वाजवायचा — मग एक ऐकून कसं चालेल? असे वेडे देशभर होते. आम्ही पोस्टानं एकमेकांना नकला पाठवायचो. नकलेची नक्कल काढली की खरखर वाढते, म्हणून मुळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. आणि आमच्यात एकच धर्म होता. मूळ रेकॉर्डिंग कधी पुसायचं नाही.

हा धर्म मी नव्या पोरांना मोठ्या तोंडानं शिकवलाय.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. आज भाव चढेल, उद्या चढेल म्हणून बाबा कापूस घरातच ठेवायचे. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि त्याला खेटून माझा टेपडेक. तंतू उडून डेकच्या हेडवर बसायचा, आवाज गढूळ व्हायचा, आणि मी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसत बसायचो — चिडून, कापसाला शिव्या घालत. बाबांना झोप लागत नाही हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण हेडवरचा तंतू जास्त दिसायचा. असा माणूस होतो मी.

प्रल्हाद माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची आई शेवंतामावशी आमच्या वावरात कापूस वेचायला यायची. गायची. भीमजयंतीला तिचं गाणं नसेल तर बौद्धपुऱ्यातला मांडव सुना वाटायचा. गाणी तिनं स्वतः जुळवलेली, कुठे लिहिलेली नाहीत, लिहिता येतच नव्हतं तिला. आवाज कसा होता? सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही यातच माझं सगळं पाप आहे.

एका वर्षी मी नवे माइक आणले होते. ते तपासायचे म्हणून — तिच्यासाठी नाही, माइकसाठी — जयंतीच्या दुपारी तिच्या अंगणात तिला बसवलं. जपून ठेवलेली भारी क्रोम कॅसेट लावली. दोन्ही बाजू भरेपर्यंत ती गायली. घरी येऊन ऐकलं आणि मी गार पडलो. एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग मी आयुष्यात केलं नव्हतं, पुढेही झालं नाही. गाताना मध्येच तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी लगेच कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की तिथे खाच पडते आणि रेकॉर्डचं बटण दबतच नाही. प्रल्हादला नक्कल काढून देणार होतो. आज देऊ, उद्या देऊ — कायम म्हाताऱ्याचं काहीतरी आधी करायचं असायचं.

मग नागपूरच्या एका संग्राहकानं निरोप धाडला. म्हाताऱ्याचा एक जुना कार्यक्रम, स्टेजवरच्या साउंड मिक्सरमधून थेट घेतलेला. एका दिवसासाठी देतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत पाहिजे. धावत जाऊन आणला. घरी येऊन पाहतो तर कोरी कॅसेट नाही. दारव्ह्यात मिळाली ती भिकार, बाजारू. त्यात दुपारी लाइट जाणार हे ठरलेलं. काय चिडलो होतो! दुकानदारावर, वीजमंडळावर, ह्या गावावर, जिथे कपाशीशिवाय काही मिळत नाही. आणि शेल्फावर ती क्रोम कॅसेट.

मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. म्हातारा कधी जाईल याचा नेम नाही. शेवंतामावशी कुठे जाते? पुढच्या जयंतीला पुन्हा गाईल. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते कापसाबद्दल म्हणून मी हळहळायचो — आणि स्वतः काय केलं?

बटण दबेना. यंत्रानं मला अडवलं होतं, एवढं लक्षात ठेवा. अशा वेळी बाकीचे लोक खाचेत कागदाचा बोळा कोंबतात. आमच्याकडे कागद कोण शोधतो? हात मागे केला, ढिगातून चिमूटभर कापूस ओढला, सरकी काढून टाकली आणि दोन्ही खाचांत दाबून बसवला. बटण अलगद खाली गेलं. नक्कल फार सुंदर निघाली.

त्याच हंगामात, वेचणी सुरू असताना, शेवंतामावशी तापानं गेली.

प्रल्हाद तेव्हा पांढरकवड्याला असायचा, ट्रकवर. पुण्यानुमोदन आटोपल्यावर माझ्याकडे आला, ओट्यावर बसला. म्हणाला, “बापू, मायची थे कॅसेट दे न मले. गाडीत वाजवत जाईन.” मी खरं बोलू शकलो असतो. डेकनं टेप खाल्ली म्हणालो असतो तरी चाललं असतं — खोटंच, पण दोष माझ्याकडे राहिला असता. माझ्या तोंडून काय निघालं? “अबे, थे त मी तुलेच देलती. पोळ्याच्या टायमाले.”

त्याला आठवत नव्हतं, आठवणार कसं? मग त्याचा चेहरा हळूहळू पडला. पोळ्यानंतर एका ढाब्यावर त्याच्या ट्रकमधला कॅसेटींचा डबा चोरीला गेला होता. “मंग त्यातच गेली असन,” तो म्हणाला. “मीच हारवली म्हणजे.” माझं खोटं त्यानं स्वतः पुरं करून दिलं. मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

गोष्ट इथे संपली असती तरी एक वेळ ठीक. त्याची बहीण वनिता पहिल्या स्मृतिदिनाला आली तेव्हा सगळ्यांसमोर तिनं त्याला विचारलं, “मायचा आवाज होता एक, थोही सांभायता नाही आला तुले?” तो खाली बघून भाकर मोडत राहिला. मी त्याच पंगतीत होतो. माझ्या ताटात वरण वाढलं जात होतं आणि मी ‘बस, बस’ म्हणत होतो. तोंड उघडायचं, तर तेवढ्यापुरतं उघडलं. वनितानं पुढे त्याच्याकडे येणं सोडलं. भावाबहिणीत राखीसुद्धा राहिली नाही. प्रल्हादनं गाडीतला टेप काढून विकला, गाणं ऐकणंच सोडलं. आणि मला राग कोणाचा यायचा? त्याचा. हा इतका भोळा का, एकदाही माझ्यावर संशय का घेत नाही, म्हणून चिडायचो. घेतला असता तर सुटलो असतो, असं वाटायचं. माझी कबुलीही त्यानंच द्यावी, ही माझी अपेक्षा.

अजून एक राहिलं. खरं ते हेच आहे.

म्हाताऱ्याचा तो कार्यक्रम कॅसेटीपेक्षा किंचित आखूड होता. दुसऱ्या बाजूला टाळ्या संपतात, खट्ट होतं, आणि शेवटच्या तुकड्यात जयंतीच्या दुपारचं ते अंगण सुरू होतं. कोंबडी ओरडते. शेवंतामावशी म्हणते, “झालं का बापू? बंद कर आता तुही मशीन. माहा प्रल्हाद सकायपासून उपाशी हाये, त्याले वाढू दे.” मग टेप संपते.

हे मला ती गेल्यावर थोड्याच दिवसांनी सापडलं. तेव्हाच नेऊन दिलं असतं तर? पण दिलं असतं म्हणजे कळलं असतं. तेवढा तुकडा कापून देता आला असता, नवीन कॅसेटवर उतरवता आला असता, माझ्यासारख्याला काय अवघड? पण ‘कुठे मिळाला?’ ह्या एका प्रश्नाला मी भ्यालो, आणि इतकी वर्षं भीतच आलो.

म्हातारा अजून जिवंत आहे. अजून वाजवतो. त्याचे कार्यक्रम आता कोणालाही फोनवर फुकट ऐकायला मिळतात, मी ज्याची नक्कल काढली तोसुद्धा, माझ्यापेक्षा स्वच्छ.

प्रल्हादनं ट्रक सोडला. आता गावातच असतो. परवा चहाला आला तेव्हा कपाटातल्या कॅसेटींच्या रांगांकडे बघून म्हणाला, “तू बरा बापू, एक बी नाही हारवली.” ती कॅसेट त्याच रांगेत होती, त्याच्या हाताच्या अंतरावर. खाचांतला कापूस पिवळा पडलाय. मी त्याला विचारलं, साखर बरोबर आहे का. तो म्हणाला, बरोबर आहे.