खंडेनवमीचे दोन बोल्ट

देवीची एवढी सेवा करून माणसाचा स्वभाव बदलतो का, अशी शंका मला त्या वर्षी पहिल्यांदा आली. पुंडलिकनगरला माझं छोटं गॅरेज आहे. नवरात्रात रोज पहाटे अनवाणी कर्णपुऱ्याच्या देवीला जायचं, नऊ दिवस उपास धरायचा, असं कित्येक वर्षं चाललंय. पण भुकेल्या पोटी माझा पारा जास्तच चढतो. बायको म्हणायची, "पोटाचा उपास जमला तुम्हाला, आता एक दिवस जिभेचा धरून बघा." मी हसण्यावारी न्यायचो, पण ती खोटं बोलत नव्हती.

अष्टमीला कन्नड गावचे नाना त्यांची जुनी डिझेल गाडी घेऊन आले. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर शेती बघतात. त्यांच्या पत्नीचं खुब्याचं ऑपरेशन इथल्याच एका दवाखान्यात झालं होतं आणि दसऱ्याला दुपारी सुट्टी मिळणार होती. नानींना पाय लांब सोडून बसता यावं म्हणून नानांनी पुढची सीट मुद्दाम मागे सरकवून बसवली होती. अडचण एकच होती. इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा जो मॅनिफोल्ड असतो, तो गळत होता आणि धूर आत येत होता. अशा गाडीतून आजारी बाईला कन्नडपर्यंत न्यायचं कसं? "दसऱ्याच्या दुपारपर्यंत तेवढं करा मेस्त्री," म्हणाले आणि दवाखान्यात गेले.

मॅनिफोल्डचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले. अशा बोल्टांवर तेल सोडून थांबायचं असतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण संध्याकाळी औजारं धुवून पूजेसाठी मांडायची होती, म्हणून मी पान्याला पाईप लावला आणि जोर केला. पहिला बोल्ट तुटला. शहाण्या माणसानं तिथंच थांबावं. मी दुसऱ्यावर राग काढला, तोही तुटला. एकाचं टोक जरा वर राहिलं, दुसरा पार आत तुटून बसला. आता ड्रिल जरा जरी तिरकं गेलं तर भोकातले आटे जाणार, इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागणार आणि गाडी आठ दिवस अडकणार. नेमका तेव्हाच नानांचा फोन आला, बोल्ट सुटले का म्हणून. मी म्हणालो, "नाना, दोन बोल्ट आधीच तुटलेले निघाले." विचार करायच्या आत तोंडातून गेलं. नाना नुसतं "बरं" म्हणाले.

आमच्याकडे खंडेनवमीला औजारं पूजेत बसली की दसऱ्याच्या सकाळची आरती होईपर्यंत उचलत नाहीत. नवमीला मी पान्यांना, हातोड्यांना हळदकुंकू वाहिलं, पण देवीच्या फोटोकडे बघवेना. मनात येत होतं, तासभर ड्रिल उचललं तर कोण बघतंय? आजारी बाईसाठीच तर उचलतोय, देवी समजून घेईल. पण खरं सांगायचं तर मला नानींची काळजी कमी आणि माझं खोटं झाकायची घाई जास्त होती.

एवढ्यात नाना आले. हातात पिशवीभर झेंडू, त्यांच्या शेतातला. "औजारं बसलीत नव्हं? म्हनलं त्येंना ताजी फुलं पायजेत," म्हणाले. मला राहवलंच नाही.

"नाना, ते बोल्ट आधी तुटलेले नव्हते. मी तोडले. घाई केली."

नाना इंजिनात वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी आणायच्या आदी मी समदे बोल्ट पुसून बघितले व्हते. तुमी कवा सांगताय, तेवढंच बघायचं व्हतं."

म्हणजे सगळं माहीत असून हा माणूस माझ्या औजारांना फुलं घेऊन आला होता. मला फार लाज वाटली. ड्रिल उचलू का, असं मी विचारलं.

"नाय, नाय. आज हात लावू नका. कारखान्यात आमी असले बोल्ट दोन दोन दिवस नुसते तेलात ठिवायचो. तेल काय औजार हाय व्हय?"

मग आम्ही दोघं बसलो. अर्ध्या अर्ध्या तासानं नाना उठायचे, दोन्ही बोल्टांवर थेंबथेंब तेल सोडायचे आणि परत येऊन कारखान्याच्या गोष्टी सांगायचे. गॅरेजमध्ये दिवसभर रिकाम्या हातानं बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. संध्याकाळपर्यंत मन कसं हलकं झालं होतं.

दसऱ्याला आरती झाली आणि मी औजारं उचलली. वर राहिलेल्या टोकावर नट वेल्डिंग करून गार होऊ दिला. आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला, तसा बोल्ट निघाला. आतल्यासाठी ड्रिलला उलटं फिरणारं बिट लावलं. देवीचं नाव घेतलं. बिट जेमतेम टेकलं असेल, आतला तुकडा त्याला धरून गोल फिरत आपणहून बाहेर आला. आटे शाबूत. कुणी म्हणेल तेलानं केलं, कुणी म्हणेल बिटाच्या उलट्या फिरण्यानं. असेलही. पण तीस वर्षांत माझ्या हातून एवढ्या अलगद बोल्ट निघाला नव्हता. तुकडा तळहातावर घेऊन मी किती वेळ नुसता उभा होतो, आणि डोळे वाहत होते.

मग नवे बोल्ट घालून मॅनिफोल्ड बसवला, धूर बंद झाला आणि नाना गाडी घेऊन दवाखान्यात गेले. दुपारी ते नानींना घेऊन गॅरेजसमोर थांबले. पाय लांब सोडून त्या आरामात बसल्या होत्या. खिडकीतून त्यांनी मला आपट्याची पानं दिली. मी म्हणालो, "नानी, तुमच्या गाडीचे बोल्ट मी तोडले होते."

"ह्येंनी सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "म्हनूनच तर बिनघोर बसले. चूक सांगनाऱ्या मान्साच्या हातची गाडी हाय."

गाडी कन्नडच्या रस्त्याला लागली आणि मी तिथंच रस्त्यावर हात जोडले. नऊ दिवस अनवाणी चालून मला जे जमलं नव्हतं, ते देवीनं मला एक दिवस रिकाम्या हातानं बसवून शिकवलं. आजही बोल्ट अडला की मी पाना खाली ठेवतो आणि तेल सोडून बाजूला बसतो. थांबणं तेवढं माझ्याकडे आहे, पुढचं तिच्याकडे.