मूळचा कुठं हाय?

मशीनला हात लावायच्या आधी चाचा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "मूळचा कुठं हाय?"

मूळचा म्हणजे मूळचा स्क्रू. किंवा मूळची काच, मूळचा नट, त्या मशीनमधून जे काही बेपत्ता झालं असेल ते. कुवेतच्या एका हॉस्पिटलात मी लॅबमध्ये काम करते आणि चाचा आमचे मायक्रोस्कोप दुरुस्त करायला यायचे. गाव रत्नागिरीकडचं, पण अर्धं आयुष्य इथे गेलेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी तांदळाएवढ्या एका स्क्रूसाठी माझं काम दोन तास बंद पाडलं. तसाच नवा स्क्रू त्यांच्या पेटीत होता. तो लावा ना, असं मी म्हटलं तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि ते टेबलाखाली शिरले. शेवटी स्क्रू माझ्याच कोटाच्या खिशात निघाला. चाचा जराही रागावले नाहीत. खिशाचं भोक तेवढं शिवून घे म्हणाले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण यांची गंमत अशी की यांच्या स्वतःच्या तोंडात कवळी होती. त्यावरून मी एकदा चिडवलं, तर त्यांनी गंभीरपणे सांगितलं की पडलेले सगळे दात गोळ्यांच्या डबीत जपून ठेवलेत. "मूळचे हायत बाय. टाकायचे कशाला?"

अशा माणसाच्या वाट्याला एक बंदूक आली.

झालं असं की आमच्याकडे रक्त तपासायला येणाऱ्या एका वयस्कर कुवेती गृहस्थांनी चाचांना काच पुसताना पाहिलं. या गृहस्थांच्या वडिलांना फार पूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्याने एक लष्करी स्नायपर रायफल भेट दिली होती, वरती दुर्बीण बसवलेली. नव्वद साली इराकी सैन्य शिरलं तेव्हा वडिलांनी ती सापडू नये म्हणून तिचे भाग सुटे केले आणि घरभर लपवले. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही. पुढे ते वारले. आता मुलाला, म्हणजे या गृहस्थांना, ती परत जोडून दिवाणियात, म्हणजे पुरुष मंडळींच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवर लावायची होती. रीतसर परवाना घेऊन तिची गोळी झाडायची सोय कायमची बंद करून झाली होती. जे भाग सापडत नव्हते ते परदेशातून मागवायची तयारी होती.

चाचांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी चाचा त्या गृहस्थांच्या अर्दिया भागातल्या घरी जाऊ लागले. मीही जायचे, कारण त्या गृहस्थांच्या म्हाताऱ्या आईची साखर बघायला घरचं कुणी तयार नव्हतं. ती सुई पाहिली की ओरडायची म्हणे. मला चाचा माझ्या घरून, सालमियाहून, गाडीत घ्यायचे आणि वाटेत आज काय सापडेल यावर आमच्या पैजा लागायच्या. मी नेहमी हरायचे.

बंदूक खांद्याला अडकवायचा पट्टा बाहेर सापडला, बकऱ्या बांधायच्या खुंटीला. नळीच्या वरचं लाकूड एका जुन्या गादीत शिवलेलं होतं. नेम धरताना गाल टेकवायचा जो लाकडी तुकडा असतो, तो तर दिवाणियातल्या फ्रिजच्या पायाखाली निघाला. इतकी वर्षं तो फ्रिज त्याच्यावर तोल सांभाळून उभा होता. तुकडा काढल्यावर फ्रिज कलंडला आणि मोटारबोटीसारखा आवाज करू लागला. चाचांनी लगेच दुसरा तुकडा तासून खाली सरकवला. "फ्रिजला डुप्लिकेट चालतो," म्हणाले.

मला हे सगळं बाहेरून कळायचं. मी आत, बायकांच्या बाजूला, वरच्या मजल्यावर म्हातारीजवळ असायचे. ती नव्वदीला टेकलेली, खिडकीच्या जाळीशी खुर्ची टाकून बसलेली. तिच्याकडे पंचवीस वर्षं हैदराबादची स्वयंपाकीण होती, त्यामुळे हिंदी झकास. पाहुणे गल्लीत शिरायचे तोच ती स्वयंपाकघरात सांगायची, सात पेले चहा, एक बिनसाखरेचा. आणि खाली मोजून सातच माणसं, त्यातला एक मधुमेही. मला वाटायचं, म्हातारीच्या अंगात काहीतरी दैवी आहे. मी घरी जाऊन नवऱ्याला तसं सांगितलंही.

आता फक्त दुर्बीण राहिली होती. मुलाने परदेशातून एक मागवली, अगदी हुबेहूब. चाचांनी पेटी उघडली, दुर्बिणीवरचा नंबर पाहिला आणि पेटी बंद केली. या जातीच्या रायफलीत दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या लाकडावर ठोकलेला असतो, म्हणजे ही बंदूक त्याच एका दुर्बिणीची. तो नंबर चाचा गाडी चालवताना गुणगुणायचे. मलाही पाठ झाला होता. काळी नळी, हातभर पण नाही, असं वर्णन त्यांनी मला निदान पन्नासदा ऐकवलं असेल. दिवाणिया, गच्ची, गोदाम, पाण्याची टाकी, सगळं उलथून झालं. आणि चाचांचा व्हिसा संपत आला होता. वय झालं, कंपनीने निरोप दिला, शनिवारचं विमान. आयुष्यात एकही काम त्यांनी अर्धवट टाकलं नव्हतं, आणि आता हेच, सगळ्यात मोठं, अर्धवट टाकून जायचं होतं. शेवटच्या गुरुवारी गाडीत त्यांनी नंबर गुणगुणला नाही. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी मी म्हातारीचं बोट टोचलं आणि ती दचकून हलली. तिच्या मांडीवर नेहमी लाल मखमलीची, सोनेरी गोंडा लावलेली एक लांबट वस्तू असायची. मी ती अत्तरदाणी समजत होते. ती खाली पडली आणि मखमल एका बाजूने सरकली. आत काळी नळी होती. कडेला नंबर.

मी दिवसभर भिंगातून पाहून पोट भरणारी बाई. तीन महिने ती दुर्बीण माझ्या समोर हातभर अंतरावर होती. मी सुईची तयारी करायला पाठ फिरवली की म्हातारी ती डोळ्याला लावून गल्ली बघत होती.

दिवाणियात मला जाता येत नव्हतं, म्हणून मी त्याच घरातून त्याच घरात फोन लावला आणि नंबर म्हणून दाखवला. मग जिन्यावर पावलांचा धडधडाट झाला. मुलगा पुढे, चाचा मागे, आणि जिन्याच्या खाली सगळी बैठक माना वर करून उभी.

म्हातारीने डोक्यावरचा काळा कपडा तोंडावर ओढला आणि नळी छातीशी धरली. मुलगा म्हणाला, आई, आम्ही सगळं घर खणलं. सैन्य शिरलं त्या दिवशी नवऱ्याने हे माझ्या हातात दिलं, सांभाळ म्हणाला आणि मी सांभाळलं, असं तिने सांगितलं.

"पण तू बोलली का नाहीस?" मुलाने विचारलं.

"पूछा किसने?" चाचांना आणि मलाही कळावं म्हणून ती हिंदीत म्हणाली. तिचं बरोबर होतं. बायकांच्या बाजूला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही. पुढे तिने हेही सांगून टाकलं, "मैं देती नहीं."

मुलाचा चेहरा पडला. चाचांनी तिच्याकडे दुर्बीण तासाभरासाठी मागितली, काच धुरकट झालीय, साफ करून देतो म्हणून. ती कशीबशी कबूल झाली, पण मला सोबत पाठवलं, पहारा म्हणून. अशा रीतीने मी त्या घरातल्या दिवाणियात पाय ठेवणारी पहिली बाई ठरले.

चाचांनी काचा पुसल्या. मग दुर्बीण रायफलीवर ठेवली आणि हाताने फिरवायचे दोन जाडे स्क्रू आवळले. लाकडावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर एका ओळीत आले. चाचा कवळी दाखवत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मीही तेच करत होते.

दोन मिनिटं झाली असतील. मग चाचांनी तेच दोन स्क्रू सोडले, दुर्बीण काढली आणि मखमलीत घातली.

"चाचा, हे काय?"

"बंदुकीवर ती किती वरसं होती, बाय? म्हातारीच्या हातात त्याच्यापेक्षा जास्त हाय." घड्याळ मनगटावर बांधत ते म्हणाले, "मूळचा कुठं हाय ते कळलं. बस."

मुलाने मान डोलावली. रायफल तशीच, वरची जागा रिकामी ठेवून, भिंतीवर चढली. निघताना चाचांनी गाडीपाशी थांबून वरच्या जाळीकडे हात हलवला. आता तिला त्यांची कवळीसुद्धा दिसली असणार.

शनिवारी चाचा गेले. पुढच्या गुरुवारी मी टॅक्सी करून एकटी गेले. म्हातारीने मखमल उतरवली, गल्लीत बघितलं आणि खाली सांगितलं, आठ पेले. मी जाळीतून पाहिलं, चाचा नव्हते, माणसं सातच होती. काच नुकतीच साफ झालेली, चूक व्हायचं कारण नव्हतं. तरी मी तिला सांगितलं, सातच आहेत.

"मालूम है," ती म्हणाली, आणि डोळ्यावरची दुर्बीण काढली नाही.

आठवा पेला खालून परत आला. तो मी प्याले.