कोरडा हात

कॅरॅव्हॅन बांधून झाली की तिला पाणी लावतात. दारं-खिडक्या बंद करायच्या, टपावर चहूबाजूंनी पाइप सोडायचे आणि एका माणसानं आत अंधारात बसायचं. तो माणूस डोळ्यांपेक्षा तळहातानं जास्त बघतो. सांधे, कोपरे, खिडक्यांची रबरं चाचपतो. बाहेर आला की मालकाच्या हातात हात देतो. हात कोरडा लागला की गाडी पास. अंबरनाथ-उल्हासनगरच्या शेडांमध्ये त्या कोरड्या हाताला कागदापेक्षा जास्त मान होता.

राजरत्नचा हात सगळ्यांना ठाऊक होता.

तो हे काम जांभूळ गावात शिकला, भगवंतदादांच्या शेडमध्ये. दादांनी त्याला आधी झाडू दिला, मग ब्रश, मग फायबरचे साचे. दुपारी तुळशीकाकू त्याला आणि आपल्या मुलाला, भूपेशला, एकाच ताटात वाढायच्या. त्याचं लग्न ठरलं तेव्हा संध्याच्या घरी बोलणी करायला दादाच गेले. पुढे अंबरनाथच्या ‘मुक्काम कोच’नं बोलावलं, तेव्हा दादाच म्हणाले, "जा रं राजा. घर मोठं मिळालं तरी हात त्योच ठेव."

‘मुक्काम’ तेव्हा टेम्पोच्या बॉड्या बांधायची. एकच शेड होती. मग लोकांना गाडीतच झोपायची, गाडीतच चहा करायची हौस आली आणि कंपनी वाढली. तिनं नवं काही उभारलं नाही. दुसऱ्यांचं उभारलेलं विकत घेतलं. आधी उल्हासनगरचा खिडक्यावाला. मग फायबरचे टप ओतणारा. मग गाडीबाहेरचे कापडी मांडव शिवणारा हरिचंद्र. प्रत्येक ठिकाणी आधी राजरत्न जायचा, पाणी लावायचा, हात द्यायचा. काही महिन्यांनी तिथली मशीनं आणि साचे अंबरनाथला यायचे. शेडला कुलूप लागायचं. राजरत्नला वाटायचं, धंद्यात असं होतंच.

हरिचंद्र आता शिरगावात राजरत्नच्याच बिल्डिंगला वॉचमन होता.

"काय साहेब," एका संध्याकाळी त्यानं गेट उघडताना विचारलं, "आज कुणाला पाणी पाजून आलात?"

"हरिभाऊ, साहेब नका ना म्हणू."

"मग काय म्हणू? यमाचा निरोप्या?"

दोघंही हसले. हरिचंद्रचं हसू आधी थांबलं.

"कंपनीवाल्यानं कागद पुढं केला, मी वाचलासुद्धा नाही. म्हटलं, राजरत्ननं हात दिलाय. म्हणजे शेड चालणार. आपल्या लाइनीत असंच असतं ना?"

"तो हात मांडवाचा होता, हरिभाऊ. शेडचा नव्हता."

"ते आता कळलं. बाकीच्यांनाही असंच कळलं. विचार जाऊन."

राजरत्ननं कुणाला विचारलं नाही. जिना चढताना त्याला वेगळंच आठवलं. पाणी तपासायला कंपनीकडे मशीन होतं. अख्खी गाडी आत जाईल एवढी काचेची खोली होती. तरी प्रत्येक शेडवर त्यालाच का पाठवत होते?

दुसऱ्या दिवशी महेंद्र सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शेडांचे सौदे तेच बघायचे.

"राज, गुरुवारी जांभूळ. तुझ्याच उस्तादकडे. तू सोबत आहेस म्हणजे टेन्शनच नाही."

फायबरच्या रेझिनच्या वासानं दादांची छाती धरली होती, हे राजरत्नला माहीत होतं. आपल्यामागे शेड चालू राहावी, हाताखालची माणसं उघड्यावर पडू नयेत, एवढ्याचसाठी ते विकायला निघाले होते.

"मग सरळ सांग ना दादांना," रात्री घरी संध्या म्हणाली.

"काय सांगू? इतक्या शेडा माझ्या हातानं बंद पडल्या म्हणून? कुठल्या तोंडानं?"

"ज्या तोंडानं त्यांच्या घरी जेवलास, त्याच."

त्याला दुसरी वाट दिसत होती. मागे एका शेडची गाडी गळली होती आणि कंपनीनं तो सौदा सोडून दिला होता.

गुरुवारी शेडसमोर पाणी शिंपडलेलं होतं. तुळशीकाकूंनी नारळ काढून ठेवला होता. भूपेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आला बघा, घरचाच मानूस आला," दादा खोकत म्हणाले. "मना आता कागद बघायची गरज नाय."

महेंद्र सर हसले.

राजरत्न आत शिरला. दार लागलं. टपावर पाणी कोसळू लागलं. तो अंधारात कोपऱ्याकोपऱ्यावरून हात फिरवत राहिला. एक थेंब नव्हता. छाती साथ देत नसताना दादांनी हे सांधे भरले होते. दाराशी येऊन त्यानं खिशातली बाटली काढली आणि उजव्या तळहातावर पाणी ओतलं.

बाहेर येऊन त्यानं हात पुढे केला. दादांनी तो धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गळतंय, दादा."

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा गाडीत चढले. पाणी चालूच होतं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि दोन्ही कोरडे तळवे त्यांनी राजरत्नसमोर धरले.

"काल मी सोता आत बसलेलो. आज परत बसलो. कुठं गळतंय, दाखव."

राजरत्ननं ओला हात पँटला पुसला.

"ह्याला भाव पाडाया आनलाय व्हय तुना?" दादांनी आता महेंद्र सरांकडे पाहिलं.

"छे छे, काका." महेंद्र सर पटकन पुढे झाले. "राजची चूक झाली असेल. ठरलेल्या भावात एक पैसा कमी नाही. तुमचं काम मला माहीत आहे."

"दादा, विकू नका," राजरत्न म्हणाला. आता तो मोठ्यानं बोलत होता. "शेडला कुलूप लावतील. म्हणून खोटं बोललो. हरिचंद्रला विचारा."

"पप्पा, हा जळतोय," भूपेश म्हणाला. "मला कंपनीत पर्मनंट घेतायत ना, म्हणून."

"तोंड मिट, राजा." दादांचा आवाज चढला नाही. "चार मानसांत माझ्या कामाला गळकं म्हनलास. आता खरं बोलतोयस कशावरनं?"

त्यांनी कागद मागवला. उभ्या उभ्याच, न वाचता, जिथं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. तुळशीकाकूंनी नारळ पुढे केला. तो महेंद्र सरांनी फोडला.

परतताना राजरत्न पुढच्या सीटवर बसला होता. सर रागावतील, नोकरी जाईल, असं त्याला वाटत होतं. महेंद्र सर शांतपणे गाडी चालवत होते.

"होतं असं," ते म्हणाले. "तू आता आतलंच काम बघ. बाहेरच्यासाठी आपल्याला नवा माणूस मिळाला."

मागच्या सीटवर भूपेश होता. आयकार्डाचा फोटो काढायला तोही सोबत निघाला होता. त्याच्या मामाची वांगणीला कॅरॅव्हॅनची शेड होती. तो फोनवर मामाशीच बोलत होता.

"टेन्शन कशाला घेता, मामा? दुसरं कोणी नाही. मी स्वतः येतोय ना."