सात नंबरची कार्बाइन

प्रशिक्षण केंद्रातले शिकाऊ पहारेकरी शस्त्रागारातल्या मिस्त्रींच्या पाठीमागे त्यांच्या चालण्याची नक्कल करत. पण मिस्त्रींनी झिरो केलेल्या, म्हणजे नेम जुळवून दिलेल्या, हत्याराला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. नव्या बारा कार्बाइन आल्या, पिस्तुलाचीच गोळी उडवणाऱ्या आखूड बंदुका. मिस्त्रींनी एकेक वाळूच्या पिशवीवर टेकवली, पंचवीस मीटरवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडल्या, आणि गोळ्या ज्या बाजूला पडल्या त्याच बाजूला नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंटा, केसभर सरकवली. पुन्हा तीन गोळ्या, पुन्हा केसभर, नेम आणि गोळी एका जागी येईपर्यंत. एका दिवसाच्या कामाला या खेपेस चार दिवस लागले. उजव्या डोळ्यात मधोमध डाग पडला होता. माशीकडे सरळ पाहिलं की माशीच गायब, मग मान तिरकी करून तिला कडेकडेने शोधायचं. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, केंद्रात तर नाहीच. शस्त्रागारात आंधळा मिस्त्री कोण ठेवून घेतो?

नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं. मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, घरात लहान नात, आणि सून याच केंद्रात पहारेकऱ्याचं शिक्षण घेत होती. ती पास झाली तर घर चालणार होतं. नाहीतर कसं, याचा विचार मिस्त्री टाळत.

सकाळच्या परीक्षेत तिच्या वाट्याला सात नंबरची कार्बाइन आली. दहापैकी सात गोळ्या वर्तुळात हव्या होत्या, तिच्या दोनच लागल्या. दुपारची खेप शेवटची. मिस्त्रींनी कागद नाकाला लावून पाहिला. बाकीची भोकं खाली डावीकडे, एका झुबक्यात. हात कच्चा असला की गोळ्या चहूकडे पांगतात. एका जागी पडल्या म्हणजे माशी चुकली. म्हणजे आपण चुकलो. एवढं आयुष्य हत्यारांत गेलेल्या माणसाला याहून वेगळं काही सुचणं शक्यच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला शेडमागे गाठलं. "तुझा हात चांगला आहे. माशी चुकलीय, माझ्या डोळ्यामुळे. मी उस्तादांना सांगून ती नीट करून घेतो. तू मात्र सकाळी मारलंस तस्संच मार. हात अजिबात बदलू नकोस."

तिने डोळ्याचं कधीपासून, एवढंच विचारलं. वर्ष झालं म्हटल्यावर तिने डबा न उघडताच बाजूला ठेवला.

गोळीबार शिकवणारा उस्ताद वयाने लहान, मिस्त्रींच्याच हाताखाली बंदूक धरायला शिकलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, सात नंबर पिशवीवर ठेवली आणि पाच गोळ्या झाडल्या. कागद आणून मिस्त्रींच्या हातात दिला. पाचही भोकं बरोबर मधोमध, एका नाण्याखाली झाकली जातील अशी.

"मिस्त्री, बंदूक बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमची सूनच चाप ओढताना नळी खाली डावीकडे दाबते. दरवेळी तेवढीच."

मग खाली बघत त्याने शस्त्रागाराच्या किल्ल्या मागितल्या. डोळ्याचं कळल्यावर तो तरी काय करणार होता. मिस्त्रींनी किल्ल्या दिल्या, आणि ज्याला शिकवलं त्याच्यापुढे हात जोडले. तिला एक शब्द सांगू दे, एकच. पण तुकडी गोळीबाराच्या रेषेवर उभी राहिली होती, आणि रेषेवर उभ्या माणसाला कुणी काही सांगायचं नाही, हा नियम मिस्त्रींनीच त्याच्याकडून घोकून घेतला होता.

ते तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. दहा गोळ्यांचे आवाज त्यांनी मोजले; सगळे सावकाश, एकसारख्या अंतराने. पोरगी अजिबात घाबरली नव्हती.

कागद यायच्या आत ती धावत बाहेर आली.

"बाबा, अगदी तुम्ही सांगितलंत तसंच मारलं," ती म्हणाली. तिचा चेहरा मिस्त्रींना नीट दिसत नव्हता, पण ती हसतेय हे आवाजावरून कळत होतं.